बॅटऱ्या रुळेपर्यंत

— नाही नाही, तसं नका म्हणू. ‘बॅटरीत काही दोष नाही’ असं तुम्ही एकदा म्हणालात की संपलंच, मग दोष कोणाचा हे विचारायला क्लबच्या मॅनेजरबाईंना लांब जावं लागत नाही. ह्या शेडमध्ये बॅटऱ्यांना हात लावणारा माणूस एकच — आमचे हे. आत्ता गोदामाकडे गेले ना पाण्याचा कॅन आणायला, तेच. ते यायच्या आत बोलून घेऊ. बसा ना. त्या स्टुलावर बसा, डगमगतं ते, पण पाडत नाही कुणाला. हातमोजे काढा नाहीतर राहू द्या, मी काही तुमचा वेळ खाणार नाही — म्हणजे खाणारच आहे, पण थोडा. चहा आणू? आमचं क्वार्टर इथेच आहे, शेडच्या पाठीला पाठ लावून. नको? बरं. पण ऐका तरी. दुकानानं तुम्हाला पाठवलं ते बॅटऱ्या तपासायला, हे मला कळतं. मी बॅटरीबद्दलच बोलतेय.

तर त्या मॅनेजरबाई काल दारात उभ्या राहून मला म्हणाल्या — मला हं, ह्यांना नाही, ह्यांच्याशी त्या हल्ली बोलत नाहीत, माझ्याकडे बघूनच बोलतात — म्हणाल्या, “दुकानाचा माणूस येऊन बघू दे. बॅटरी वाईट निघाली का हात वाईट, ते कळलं की ठरवू.” आता काय ठरवणार ते मला न सांगताही कळतं. गोल्फच्या बाकीच्या सगळ्या गाड्या त्या नव्या तऱ्हेच्या आल्यात, बघितल्यात ना येताना? त्यांना पाणी लागत नाही, काही लागत नाही, प्लग खोचला की झालं, तिथला पोऱ्याही करतो. ही एवढी एकच जुनी गाडी ठेवलीय, म्हाताऱ्या मेंबरांना चढणीवर सोडायला, आणि तिच्याबरोबर हे. ह्यांना सगळे करंटकाका म्हणतात. खेळायला आलेली मोठी मोठी माणसं आधी शेडपाशी थांबून “काय करंटकाका, आज किती व्होल्ट?” असं विचारून पुढे जायची. गाडी भंगारात निघाली की करंटकाकांचं काय काम? म्हणून म्हणते, तुमच्या तोंडून निघणारं एक वाक्य — बॅटऱ्याच कच्च्या होत्या. एवढंच. कारखान्यात होतं की असं कधीकधी, नाही होत? एखादा लॉट कच्चा निघतो. माझी मिक्सरची मोटर नाही का दोन दिवसांत गेली, आणि दुकानदारानं स्वतःहून सांगितलं, बाई, लॉटच कच्चा होता.

हसू नका. मला माहितेय, मिक्सर वेगळा. पण हात वाईट म्हणता येणार नाही हो तुम्हाला, ह्या माणसाचा हात! बॅटऱ्या आल्या त्या दिवशी तुम्ही हवे होतात. सहाच्या सहा रांगेत मांडून ठेवल्या आणि हे त्यांच्याभोवती असे फिरत होते, बाळंतिणीच्या खोलीत फिरावं तसे, आवाज न करता. टेम्पोवाला म्हणाला, “काका, लावा आणि फिरवा, नव्याकोऱ्या आहेत.” तर असे खेकसले त्याच्यावर! म्हणाले, नवी आहे म्हणूनच नाही फिरवायची. आधी एकेकीचं झाकण उघडून आत बघितलं, प्लेटा बुडालेल्या आहेत ना. होत्या. मग पाण्याला हात लावू दिला नाही कुणाला — चार्जिंगच्या आधी पाणी मुळीच नाही, कारण चार्ज होताना आतलं फुगतं, वर येतं आणि सांडतं. आधी पूर्ण चार्जिंग, मध्ये तोडायचं नाही, चार्जर आपणहून गप्प होईपर्यंत. मग पाणी. तेही बॅटरीचं, नळाचं नाही. आणि मग काही आठवडे नुसते लाड. जवळच्या जवळ फेऱ्या, चढण नाही, निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, संध्याकाळ झाली की परत चार्जिंगला. मला म्हणाले, “अगं, नव्या बॅटरीला आपल्यात ताकद किती आहे ते ठाऊकच नसतं. थोडं वापरायचं, भरायचं, थोडं वापरायचं, भरायचं — मग ती रुळते. आज जेवढी चालली त्याच्यापेक्षा पुढच्या महिन्यात जास्त चालेल.” दिवसेंदिवस वाढत जाणार म्हणे. मी ऐकत उभी होते आणि मनात म्हटलं, बरं आहे बाई, आमच्याकडे काहीतरी दिवसेंदिवस वाढतंय. — काही नाही. असंच बोलले. पुढे ऐका.

काय बघताय खिडकीतून? ती कुंपणाची झाडं? कीड लागलीय त्यांना. बाजूची हिरवी आणि एवढाच तुकडा जळाल्यासारखा, हो, मलाही नवल वाटलं. माळी म्हणतो मुळाला काहीतरी झालंय. जाऊ दे ते, माळ्याचं माळी बघेल. तुम्ही बॅटरीचं बघा.

आता सकाळी तुम्ही आल्यावर ह्यांनी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं ना — पाणी चार्जिंगनंतर, पाणी चार्जिंगनंतर? दोनदा सांगितलं, हो. तीनदा? असेल तीनदा. ती पद्धत आहे त्यांची, ठासून सांगायची. समोरच्याच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून. आणि हातही दोनदा मिळवला तुमच्याशी, ते — ते माणूसवेडे आहेत पहिल्यापासून. दिसेल त्याचा हात धरतात. मेंबर लोकांना केवढं आवडतं ते! आणि आम्ही जोडीनं फिरतो ते तर फारच आवडतं सगळ्यांना. मी बसते ना गाडीत ह्यांच्या शेजारी, रोज, पहिल्या फेरीपासून. बायका म्हणतात, “अय्या, ह्या वयात किती गोड!” मीही हसते. म्हणते, आता नाही फिरायचं तर कधी. पाय दुखतात माझे, उन्हानं डोकं उठतं, चेंडू कुठून येऊन टाळक्यात बसेल ह्याचा नेम नाही. एवढं मैदान कशाला, तर एक चेंडू एका भोकात घालायला! पण बसते. आणि हळूच म्हणते, “अहो, आता डावीकडे वळलं की सावली लागेल नाही का?” नाहीतर, “ती बघा, ती तळ्याकाठची वाट किती छान दिसते.” मग हे त्या वाटेनं वळवतात गाडी. वाट सांगितली असं वाटायला नको म्हणून. मागे बसलेल्याला वाटतं, बाईंना निसर्गाची फार आवड.

असे बघू नका हो माझ्याकडे. रागावला असतात तर परवडलं असतं, हे असं बघणं नको. विसरतात थोडं. कोण विसरत नाही? तुम्ही मघाशी तो तुमचा मीटर टेबलावर ठेवला आणि गाडीखाली शोधत होतात. लेक फोनवर म्हणते, “आई, तू झाकतेस. किती दिवस झाकणार? सांग ना त्या मॅनेजरला आणि या इकडे दोघं.” तिकडे म्हणजे कुठे, तर तिच्या घरी, सातव्या मजल्यावर, एक खोली आम्हाला देईल ती, मनापासून देईल, पोरगी चांगली आहे. पण तिथे हे काय करतील? गेलो होतो मागे राहायला. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, “आपण निघायचं ना आता?” जेवून झालं की, “निघायचं ना?” जावई बिचारा रोज म्हणायचा, निघू हं बाबा, उद्या निघू. तिथे ते कोणीच नव्हते. पाहुणे होते नुसते. आणि परत इथे आणलं, ह्या दारातून आत पाऊल टाकलं, हा वास आला ना नाकात — ॲसिडचा, रबराचा — की सरळ जाऊन पान्हा उचलला, आणि मला म्हणाले, “इतके दिवस शेड बंद ठेवून फिरायला नेलंस, बॅटऱ्या बसल्या असत्या म्हणजे?” असे ओरडले माझ्यावर, आणि मी त्या कोपऱ्यात तोंड फिरवून रडले, आनंदानं. तेव्हा कळलं मला. ह्या दाराच्या आत ते ते असतात. दाराबाहेर कमी कमी होत जातात. आता तुम्हीच सांगा, मी कुठे नेऊ ह्यांना?

म्हणून म्हणते की लॉट कच्चा. काय? ग्रॅव्हिटी? हो, ते काचेच्या नळीतलं बघत होतात तुम्ही, तरंगतं ते. हे पण बघायचे. तरंगत नाहीये म्हणता? सहाही बॅटऱ्यांत? बुडतंय नुसतं. म्हणजे आत काय आहे मग? — पाणीच आहे जवळजवळ. बरं. पाणी जास्त झालंय, एवढंच ना? ते मला ठाऊक आहे. त्याचं मी बघत होते की. त्याची व्यवस्था केली होती मी. तेवढ्यानं बॅटऱ्या जायला नकोत.

कसली व्यवस्था म्हणजे — हे बघा, कुणाला बोलणार नसाल तर सांगते. बॅटऱ्या आल्या त्याच्या दोन-चार दिवसांनंतरची गोष्ट. संध्याकाळी चार्जर बंद झाला, ह्यांनी पाणी घातलं, झाकणं लावली, साबणानं हात धुतले, जेवायला बसले. निम्मं जेवण झालं आणि ताडकन उठले. “पाणी राहिलं!” मी म्हटलं, अहो घातलंत ना आत्ता, मी होते तिथे. तर माझ्याकडे बघितलं त्यांनी. राग नव्हता हो त्या नजरेत. राग असता तर भांडले असते, भांडणाला मी घाबरत नाही, जन्म गेला भांडण्यात. भीती होती. लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर बघतं ना, तशी. मी घातलं का नाही हे मला ठाऊक नाही, आणि हिला ठाऊक आहे — एवढं सगळं त्या एका नजरेत. ती नजर मला पुन्हा बघायची नव्हती. मी म्हटलं, नाही नाही, माझंच चुकलं, तुम्ही कालचं घातलेलं मी आज समजले. जा, घालून या. गेले, घातलं, आले, आणि पोटभर जेवले. त्यानंतर मी एकदासुद्धा म्हटलं नाही, घातलंत म्हणून. दोनदा घालू देत, तीनदा घालू देत, मी म्हणायची, “बरं झालं आठवलं तुम्हाला.”

पण एवढं पाणी मावणार कुठे? वरून वाहायला लागलं. बॅटऱ्यांच्या डोक्यावर ओल, तारांच्या टोकांना हिरवं-पांढरं काहीतरी धरायला लागलं. म्हटलं, हे कुणी बघितलं तर बोंबललं. मग मी काय केलं — सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांना नळीतून भरवायला एक मोठी सिरिंज आणली होती, सुई नसलेली. ती होती घरात. हे सकाळी अंघोळीला गेले की मी इकडे यायची, झाकणं उघडायची आणि जास्तीचं पाणी ओढून काढायची. रोज. हो, रोजच, अगदी परवापर्यंत. सवयीनं हात असा बसला होता की ह्यांची अंघोळ होऊन कपडे घालून होईतो माझ्या सहाही व्हायच्या. आणि मी काय आंधळेपणानं नाही काढलं, अक्कल वापरली. नंतर ओतलेलं पाणी वरच राहणार ना? ॲसिड जड, ते खाली. म्हणून मी सिरिंज खोल घातलीच नाही कधी. वरचं वरचं काढलं, दुधावरची साय काढतात तसं, खालच्याला धक्का नाही. बरोबर ना?

बरोबर ना?

बोला की. मान का हलवताय? नाही म्हणजे काय नाही? — मिसळतं? चार्जिंगला लावलं की बुडबुडे येतात ते ऐकलेत मी, खदखद ऐकू येते कान दिला तर — त्यानं सगळं ढवळून निघतं? खालचं वर, वरचं खाली? म्हणजे मी सकाळी जे काढायची ते… थांबा. थांबा जरा. म्हणजे ते पाणी नव्हतं. रोज थोडं थोडं ॲसिडच काढत होते मी. आणि संध्याकाळी हे पाणी घालायचे, आणि सकाळी मी पुन्हा — हे पाणी घालतायत आणि मी ॲसिड काढतेय. बघा की काय पण जोडी! सगळा संसार झाला, ह्यांनी एक म्हणायचं आणि मी दुसरं, कधी एका कामाला दोघांचे हात लागले नाहीत, आणि लागले ते असे. हसा ना. मघाशी मिक्सरला हसलात ते चाललं.

कुठे टाकायची? बादलीत. आणि बादली — ती खिडकीबाहेर, झाडांच्या मुळाशी. म्हटलं, पाणीच आहे, झाडांना तरी होईल. कीड नाही मग ती. आणि माझ्या सगळ्या कपड्यांना ही अशी बारीक भोकं पडतायत, हे बघा, बाहीला, इथे पोटाशी, मी आपली वॉशिंग मशीनला शिव्या देत बसले. बोटांची सालं निघाली तरी कळलं नाही हो मला. एवढी वर्षं बॅटरीवाल्याची बायको म्हणून मिरवले. विचारायचं तरी कुणाला? ज्यांना विचारावं त्यांच्यापासूनच तर लपवत होते.

आता नाही का काही करता येणार? ॲसिड आणा, घाला, मी जागची हलत नाही, हात बांधून बसते. पुन्हा चार्ज करून बघा, सावकाश, ते सुरुवातीला करतात तसं. नाही? प्लेटांना खार धरलाय? थोड्या दिवसांच्या आहेत हो त्या, रुळायच्या होत्या अजून. ह्यांनी डोळ्यांत तेल घालून जपल्या होत्या, एक फेरी जास्तीची मारली नाही, त्या मॅनेजरबाई स्वतः “जरा वरपर्यंत सोडा” म्हणाल्या तर ह्यांनी सांगितलं, अजून लहान आहेत त्या, जमणार नाही. मग परवा चढणीवर नेलीच कशाला, म्हणता? त्याचं काय आहे —

परवा मी नव्हते गाडीत. तेवढा एकच दिवस. डॉक्टरकडे गेले होते. ह्यांना सांगितलं गुडघ्यासाठी जाते, पण गेले होते ह्यांच्यासाठी. डॉक्टर म्हणाले, पेशंट आणल्याशिवाय मी काय सांगू? आणलं तर काय कराल, विचारलं. तर म्हणाले, गोळ्या देऊ, वेग थोडा कमी होईल, कदाचित. वेग! मग चालत चालत परत येते तर मैदानाच्या कडेनं दिसलं, गाडी चढणीच्या मधोमध उभी. एक काठी टेकत चालणारे मेंबर मागे बसले होते, ते उतरून केव्हाच क्लबकडे गेले होते, गाडी बंद पडली म्हणून सांगायला. फार सज्जन माणूस, फक्त गाडीबद्दल सांगितलं, बाकी काही बोलले नाहीत. आणि हे तिथेच. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत, ब्रेकवर पाय घट्ट दाबून. किती वेळ दाबून बसले होते कुणास ठाऊक, पोटरी थरथरत होती. मी धापा टाकत पोचले, म्हटलं, अहो! तर माझ्याकडे वळून हसले. ते मेंबरांशी हसतात ना, तसं, अदबीनं. आणि म्हणाले, “बसा ताई. कुठे सोडू?”

ताई म्हणाले मला.

मी काय करणार होते? बसले. शेजारी नाही, मागे, पॅसेंजर बसतात तिथे. म्हटलं, शेडपाशी सोडा. म्हणाले, “जरा थांबावं लागेल, गाडी दमलीय. नवीन आहे.” म्हटलं, थांबते, मला घाई नाही. आणि बसून राहिलो की दोघं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते मागून. केस कापायला झालेत, उद्या कापायला हवेत, असलं काहीतरी डोक्यात येत होतं माझ्या. माणसं आली, ढकलत गाडी इथे आणली, आणि दारातून आत शिरल्यावर हे मला म्हणाले, “अगं, कधी आलीस? गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?” म्हटलं, काही नाही, वयाचं आहे म्हणाले. हे कुणाला नव्हतं सांगायचं मला. लेकीलाही नाही सांगितलंय. तुम्हाला सांगून बसले.

बरं, ऐक — तुम्हाला अरे म्हटलं चालेल ना, माझ्या लेकीपेक्षा लहान असशील — ऐक, असं सांग. खोटं नको सांगूस, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, मला कळतं. खरं सांग, पण माझं सांग. बायकोनं हात घातला म्हणावं. बाई येऊन बॅटऱ्यांतलं ॲसिड उपसून गेली, वेडी आहे म्हणावं. हे खरंच आहे ना? एक शब्द खोटा नाही त्यात. ह्यांच्या हातानं नाही गेल्या बॅटऱ्या, माझ्या गेल्या. सांगशील? — काय विचारतील? बाई रोज शेडमध्ये काय करत होती… हो. तेही आहे. बाई पाणी का उपसत होती, तर जास्त झालं होतं म्हणून, जास्त का झालं होतं, तर… हो रे. कुठूनही निघालं तरी ह्यांच्यापाशीच येतं. बरं, मग असं म्हण की — नाही, तेही नाही चालणार. मग काय म्हणशील? काहीच म्हणू नकोस ना. इथून परस्पर जाता नाही येत तुला? बाईंना भेटून जावंच लागतं?

असू दे. तू तरी काय करणार. तुझ्यावर ढकलून मोकळी होत होते मी.

श्श. आले. पावलं वाजली. ऊठ, नको, बसून राहा. पुन्हा हात पुढे करतील, मिळव. नाव विचारतील, सांग. डोळे पूस म्हणावं तर तुझे पुसायचे का माझे —

आलात? सापडला का कॅन? हे कोण म्हणजे, दुकानातून आलेत, बॅटऱ्या बघायला. हो, हात मिळवा ना. बघितल्या त्यांनी. छान आहेत म्हणाले. रुळायला लागल्यात. हो, तेच सांगत होते मी त्यांना, पाणी चार्जिंगनंतर, तुम्ही सांगा ना, तुम्ही नीट सांगता. काय? चार्जिंग? झालं की. आत्ताच बंद झाला चार्जर. पाणी? नाही हो, नाही घातलंत अजून. कधी घालणार, कॅन तर आत्ता आणलात. तुमच्यासाठीच थांबलो होतो. घाला.

नको रे. धरू नकोस त्यांचा हात. ओतू दे. गेल्या त्या गेल्याच ना, आता पाण्यानं काय बिघडणार आहे त्यांचं? मी फरशी पुसून घेते मागून. तू नीघ. मॅनेजरबाईंना जे सांगायचं ते सांग, मी नाही विचारणार. फक्त दार लोटून घे जाताना, वारा आला की ह्यांचा हात हलतो.